डेस्कटॉपवरचं सूर्योदय-सूर्यास्ताचं काउंटडाउन चुकतंय? आधी नेमकं किती चुकतंय ते मोजा

डेस्कटॉपच्या कोपऱ्यात ‘सूर्यास्ताला अजून ०२:१४:०९’ असं दिसतंय आणि खिडकीबाहेर काळोख पडलाय. अशा वेळी बहुतेक जण विजेट काढून दुसरं टाकतात. दुसरंही तितकंच चुकतं, कारण बिघाड विजेटमध्ये नसतोच. विंडोजवरच्या रेनमीटर या प्रोग्रामची स्किन (म्हणजे त्यातलं विजेट) असो, लिनक्सवरचं कॉन्की असो, प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपचं विजेट असो की ब्राउझरमध्ये चालणारं पान, चुका ठरावीक सात-आठच आहेत, आणि प्रत्येक चुकीचा आकडा वेगळा असतो. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी तो आकडा कागदावर लिहून घ्या.

लक्षणं

- दोन्ही वेळा एकाच दिशेला, पूर्ण तासांनी किंवा अर्ध्या-पाऊण तासाच्या हिशेबात सरकलेल्या.
- काउंटडाउन उणे दाखवतं, किंवा पहाटे सूर्य उगवायला आला असताना ‘२३ तास’ म्हणतं.
- सूर्योदयाच्या जागी सूर्यास्त आणि सूर्यास्ताच्या जागी सूर्योदय.
- सूर्योदय तीन-चार मिनिटं उशिरा आणि सूर्यास्त तितकाच लवकर.
- एप्रिलमध्ये बरोबर, नोव्हेंबरात पंधरा-सोळा मिनिटांची चूक.
- संगणक स्लीपमधून उठला की काउंटडाउन मागे पडलेलं.
- आकडा गोठलेला, ००:००:०० वर अडकलेला, किंवा नुसतं ‘एनएएन’ (NaN, म्हणजे ‘ही संख्याच नाही’).

मोजायचं कसं

अमेरिकेच्या नोआ (NOAA) या हवामान-सागर संस्थेचा सोलर कॅल्क्युलेटर उघडा, नकाशावर आपलं ठिकाण टिचकीने निवडा, टाइमझोन बरोबर आहे ना ते बघा आणि आजच्या दोन्ही वेळा घ्या. उत्तर आणि दक्षिण ७२ अंशांच्या आतल्या ठिकाणांसाठी हे गणित मिनिटाच्या आत बरोबर येतं. त्याच्याशी विजेटच्या वेळा ताडून सूर्योदयाचा फरक आणि सूर्यास्ताचा फरक वेगवेगळे लिहा, चिन्हासकट. एकटा सूर्योदय तपासून भागत नाही, कारण निदानाची खरी किल्ली दोन फरकांच्या दिशेत आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकल्या असतील तर संशय घड्याळ, टाइमझोन किंवा रेखांशावर. एक पुढे आणि एक मागे असेल, म्हणजे दिवसच आखूड किंवा लांब झाला असेल, तर अक्षांश किंवा क्षितिजाचा कोन (सूर्य क्षितिजाशी किती अंशांवर असताना उदय-अस्त धरायचा तो) चुकलाय.

विजेट फक्त उरलेला वेळ दाखवत असेल तर तात्पुरत्या दोन ओळी वाढवून मूळ सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि ‘आत्ता’ची वेळही दाखवायला लावा. मूळ वेळा बरोबर आणि काउंटडाउन चूक, असं निघालं तर खगोलगणिताकडे बघायचंच कारण नाही. चूक वजाबाकीत आहे.

आणि फरक एका मिनिटाच्या आत असेल तर काहीही दुरुस्त करू नका. क्षितिजाजवळचं वक्रीभवन (हवेतून येताना प्रकाशाचं वाकणं) हवेच्या तापमानाप्रमाणे आणि दाबाप्रमाणे बदलतं, म्हणूनच छापील वेळा मिनिटापर्यंतच देतात. काउंटडाउनमध्ये सेकंद पळताना छान दिसतात, पण त्या सेकंदांना फारसा अर्थ नाही.

१. घड्याळ

विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘आत्ता सिंक करा’ दाबा. लिनक्सवर टाइमडेटसीटीएल (timedatectl) ही आज्ञा चालवून घड्याळ सिंक झालंय असं सांगतं का ते बघा. मॅकवर ‘वेळ आपोआप सेट करा’ चालू हवं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण पहिलं हेच करायचं, कारण बाकीची सगळी तपासणी याच घड्याळाच्या भरवशावर होणार आहे.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एक नेहमीचा घोळ होतो. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजून वाचतं, लिनक्स तेच युटीसी (जगभरची प्रमाण वेळ) समजतं. मग एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ नेमकी तुमच्या टाइमझोनच्या फरकाने सरकते, सिंक झाल्यावर सुधारते आणि पुढच्या बदलाला पुन्हा बिघडते. उपाय दोन: लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगा, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनच्या विभागात ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद (मूळ नाव सलग, मधल्या जागा न सोडता) १ करा. यातला एकच करायचा. दोन्ही केले की समजुती नुसत्या अदलाबदल होतात आणि घोळ उलट बाजूने परत येतो.

२. टाइमझोन आणि उन्हाळी वेळ

फरक नेमका १ तासाचा असेल तर उन्हाळी वेळ. तो ५ तास ३० मिनिटं किंवा ५ तास ४५ मिनिटं असा असेल तर कुणीतरी युटीसीतली वेळ तशीच दाखवतंय, कारण भारताची वेळ युटीसीच्या ५:३० पुढे आहे आणि नेपाळची ५:४५ पुढे. इंटरनेटवरच्या बऱ्याच सेवा सूर्योदय युटीसीतच देतात आणि त्याचं स्थानिक वेळेत रूपांतर करणं विजेटवर सोडतात.

इथली सगळ्यात वाईट दुरुस्ती म्हणजे कोडमध्ये ‘+५.५’ किंवा ‘+१’ असा आकडा ठोकून देणं. आज बरोबर दिसतं. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या ठिकाणी काही महिन्यांनी पुन्हा चुकतं, आणि तोवर तो आकडा कुठे लिहिला होता ते कुणालाच आठवत नाही. काही स्किनमध्ये टाइमझोनचा रकाना फक्त पूर्णांक घेतो, ५.५ लिहिलं की ५ धरतो आणि ३० मिनिटांची चूक राहते. शक्य असेल तिथे ‘एशिया/कोलकाता’, ‘युरोप/लंडन’ या धाटणीचं नाव द्या. त्या नावामागच्या माहितीत उन्हाळी वेळेचे नियमही असतात.

३. ठिकाण

पृथ्वी १ अंश फिरायला ४ मिनिटं घेते. त्यामुळे रेखांशातली १ अंशाची चूक दोन्ही वेळा ४ मिनिटांनी सरकवते. विषुववृत्तावर १ अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजे पूर्व-पश्चिम २८ किलोमीटरला एक मिनिट. ६० अंश अक्षांशावर हेच अंतर निम्म्यावर येतं. विजेट आयपी पत्त्यावरून ठिकाण ओळखत असेल तर ते इंटरनेट कंपनीचं शहर पकडतं, आणि व्हीपीएन चालू असेल तर थेट दुसरा देश. ठिकाण आपोआप ओळखणं बंद करून अक्षांश-रेखांश हाताने भरणं केव्हाही बरं. डेस्कटॉप संगणक काही रोज गाव बदलत नाही.

भरताना होणाऱ्या चुका, जितक्या वेळा दिसतात त्या क्रमाने:

चिन्ह. आजकाल पूर्व रेखांश धन आणि पश्चिम ऋण धरतात, पण काही जुनी सूत्रं पश्चिमेला धन मानतात. चिन्ह उलटं पडलं की चूक होते रेखांशाच्या दुप्पट गुणिले ४ मिनिटं. ९० अंश पूर्वेला ती बरोबर १२ तास भरते आणि उदय-अस्त एकमेकांच्या जागी जातात. ७५ अंश पूर्वेला ती नेमकी १० तास येते, आणि पूर्ण तास बघून माणूस टाइमझोन उलटसुलट करत बसतो. म्हणून मोठी, पूर्ण तासांची चूक दिसली तर आधी आपल्या रेखांशाची दुप्पट करून १५ ने भागा. उत्तर जुळलं तर टाइमझोनला हात लावू नका.

अक्षांशाचं चिन्ह चुकलं तर प्रकार वेगळा. दक्षिण गोलार्धातलं ठिकाण उत्तरेत गेलं की उन्हाळ्यात दिवस आखूड आणि हिवाळ्यात लांब होतो, पण २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सगळं बरोबर दिसतं. त्या दिवसांत तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारे पुढे जूनमध्ये चक्रावतात.

अंश-कला आणि दशांश. ४०°५४′ हे ४०.५४ असं लिहायचं नाही. ५४ भागिले ६० म्हणजे ०.९०, म्हणून ४०.९०. रेखांशात अशी गल्लत झाली तर चूक जास्तीत जास्त दीड मिनिटाच्या आसपास जाते. छोटी असल्यामुळेच ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

शिवाय अक्षांश-रेखांशाचा क्रम. काही ठिकाणी आधी अक्षांश मागतात, काही ठिकाणी आधी रेखांश. ९० पेक्षा मोठा आकडा अक्षांशाच्या रकान्यात असेल तर उघडच आहे, पण दोन्ही आकडे ९० च्या खाली असले की प्रोग्राम तक्रार करत नाही.

४. विजेट ताजं होतंय का

आकडा गोठलेला असेल तर इथे बघा. रेनमीटरमध्ये स्किनची ‘अपडेट’ किंमत साधारणपणे १००० असते, म्हणजे दर १००० मिलिसेकंदांनी. ती -१ असेल तर स्किन लोड होताना एकदाच हलते आणि थांबते. एकेका मेझरचा (स्किनमधला एकेक किंमत काढणारा भाग) ‘अपडेट डिव्हायडर’ -१ असेल तर तेवढं मेझर गोठतं. दुसऱ्या प्रकारात सेकंद व्यवस्थित पळतात, पण सूर्यास्त मात्र संगणक सुरू केला त्या दिवसाचाच राहतो. रोज मशीन बंद करणाऱ्याला ही चूक कधी कळतच नाही. आठवडाभर चालू ठेवणाऱ्याला हळूहळू वाढणारा फरक दिसतो.

वेळ नेटवरून आणणाऱ्या वेबपार्सरची ‘अपडेट रेट’ लिहिली नसेल तर ६०० धरतात, म्हणजे वरच्या हिशेबाने दर १० मिनिटांनी. सूर्योदयाला एवढी घाई कशाला? दिवसातून एक-दोनदा पुरतं. सारखं विचारत राहिलं की मोफत सेवेची मर्यादा संपते, उत्तर येणं बंद होतं आणि विजेट ००:००:०० दाखवतं.

सेवाच बंद पडलेली असण्याची शक्यताही आहे. याहूची जुनी मोफत हवामान सेवा २०१९ च्या सुरुवातीला आणि डार्क स्काय ही हवामान सेवा ३१ मार्च २०२३ ला बंद झाली. त्यांच्यावर उभ्या असलेल्या स्किन अजून डाउनलोडला मिळतात आणि कधीच चालत नाहीत. स्किनच्या फाइलमधला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. तिथेही उत्तर नसेल तर ती स्किन सोडून द्या. संगणक सुरू होताना विजेट नेटच्या आधी जागं होतं, तेव्हाही रिकामं दिसतं. त्याला सुरुवातीला तीसेक सेकंदांचा उशीर लावला की झालं.

५. तारीख कोणाची?

उणे आकडे आणि ‘२३ तास’ यांचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं. हा भाग सावकाश वाचा.

समजा घड्याळ युटीसीच्या ९ तास पुढे आहे आणि १५ तारखेची पहाट आहे, ५ वाजून १० मिनिटं. युटीसीत अजून १४ तारीख, रात्रीचे ८:१०. विजेटने तारीख न देता ‘आजचा सूर्योदय’ मागितला, सेवेने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे १४ तारखेचा दिला: स्थानिक ५:३१. त्यातून आत्ताची वेळ वजा केली की येतात -२३:३९. खरं तर सूर्योदयाला २१ मिनिटं उरलीत. सकाळी ९ वाजता युटीसीत तारीख बदलते आणि सगळं आपोआप बरोबर होतं. म्हणून तक्रार ‘फक्त पहाटे चुकतं’ अशी येते. ग्रीनिचच्या पश्चिमेला हाच प्रकार संध्याकाळी होतो, कारण तिथे युटीसीची तारीख आधीच उद्यावर गेलेली असते.

उपाय: सेवेला स्थानिक तारीख स्पष्ट द्या. काल, आज आणि उद्या अशा तिन्ही दिवसांच्या वेळा मागवा आणि त्यातून ‘आत्ता’च्या पुढची पहिली घटना निवडा. ‘सूर्योदय होऊन गेला तर २४ तास मिळव’ ही पळवाट सोपी आहे, पण उद्याचा सूर्योदय आजच्या वेळेलाच होईल असं ती धरते, आणि उन्हाळी वेळ बदलते त्या रात्री तासभर चुकते.

याच टप्प्यावर एककंही बघा. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. जावास्क्रिप्टला मिलिसेकंद लागतात. सेकंद तसेच दिले तर तारीख जानेवारी १९७० मधली निघते. रेनमीटर मात्र १ जानेवारी १६०१ पासून सेकंद मोजतो. दोन्हींमधला फरक ११६४४४७३६०० सेकंद. तो न मिळवता वजाबाकी केली की काउंटडाउनमध्ये लाखो तास दिसतात.

मराठीत विजेट करणाऱ्यांसाठी खास सापळा: जावास्क्रिप्टला मराठी भाषा सांगून वेळ लिहून घेतली की आकडे देवनागरीत येतात. दिसायला सुंदर. पण तोच मजकूर पुन्हा संख्येत बदलायला गेलात की प्रोग्रामला ‘०६:२१’ मधलं काहीच कळत नाही आणि एनएएन येतं. सगळा हिशेब सेकंदांच्या संख्येत करा, देवनागरीत फक्त शेवटी पडद्यावर लिहिताना बदला. ज्या भाषांत दशांशाला स्वल्पविराम वापरतात तिथल्या सेटिंगमध्ये ४०.९० चं ४० किंवा ४०९० होतं, तेही याच जातीचं दुखणं.

६. वजाबाकी की उलटी मोजणी

स्लीपमधून उठल्यावर काउंटडाउन मागे पडत असेल तर ते दर सेकंदाला एक वजा करत चाललंय. झोपेत ते ‘सेकंद’ पडतच नाहीत. तीन तास मिटलेला लॅपटॉप तीन तास मागे राहणारच. प्रत्येक ताज्या होण्याला ‘घटनेची वेळ वजा आत्ताची वेळ’ असं नव्याने काढा, आधीच्या आकड्याला हात लावू नका. रेनमीटरमध्ये दुसऱ्या मेझरची किंमत वापरत असाल तर ‘डायनॅमिक व्हेरिएबल्स’ १ हवं, नाहीतर पहिलीच किंमत धरून बसतं.

७. गणित

विजेट नेटशिवाय स्वतः वेळ काढत असेल तरच इथवर या.

दोन्ही टोकांना उलट दिशेने ३ ते ७ मिनिटं कमी पडत असतील तर प्रोग्राम सूर्याचा मध्य क्षितिजावर, म्हणजे शून्य अंशावर धरतोय. सूर्योदय मोजतात तो बिंबाची वरची कड दिसण्याचा: वक्रीभवनाच्या ३४ कला आणि बिंबाच्या त्रिज्येच्या १६ मिळून ५० कला. कोन -०.८३३ अंश हवा. विषुववृत्तावर याची किंमत प्रत्येक टोकाला साधारण ३ मिनिटं २० सेकंद, ६० अंशांवर मार्च-सप्टेंबरात त्याच्या दुप्पट. उलट, सूर्योदय वीसेक मिनिटं किंवा जास्तच लवकर आणि सूर्यास्त तितकाच उशिरा असेल तर कोन -६ आहे. तो नागरी संधिप्रकाश, म्हणजे सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली असतानाची वेळ. काही सेवांच्या उत्तरात दोन्ही वेळा शेजारी-शेजारी असतात आणि चुकीची ओळ उचलली जाते.

चूक ऋतूप्रमाणे बदलते आणि दोन्ही वेळा एकाच दिशेला जातात? मग कालसमीकरण, म्हणजे खरा सूर्य आणि घड्याळ यांच्यातला वर्षभर बदलणारा फरक, राहून गेलंय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरा सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटांहून थोडा पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास फरक शून्य. चूक याच्या दुप्पट येत असेल तर कालसमीकरण आहे, पण चिन्ह उलटं लागलंय.

एनएएन येत असेल तर बघा, सूत्रातल्या कोसाइनची किंमत +१ च्या वर किंवा -१ च्या खाली गेलीय. ध्रुवाजवळ हे खरंच घडतं, त्या दिवशी सूर्य उगवतच नाही किंवा मावळतच नाही. प्रोग्रामने तसं शब्दांत सांगावं. तुम्ही ६५ अंशांच्या आत असाल आणि तरीही एनएएन येत असेल तर अंश आणि रेडियन यांची गल्लत शोधा.

दोन गोष्टी बिघाड नव्हेत. ४० अंश उत्तरेला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला नसून ७ डिसेंबरच्या आसपास असतो, आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला. आणि समोर डोंगर असेल तर सूर्य आधी दिसेनासा होणारच. सूत्र सपाट क्षितिज धरतं.

८. बटण-सेल, आणि कुठे थांबायचं

डेस्कटॉप बंद करून पुन्हा लावला की तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय, बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, धन बाजू वर ठेवून नवा सेल बसवा. नंतर बायोसच्या सेटिंग एकदा बघून घ्या. त्या मूळ पदावर गेलेल्या असू शकतात.

लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरला जोडलेला, मुख्य बॅटरीच्या आड असतो. तो तंत्रज्ञाकडेच द्या. मुख्य बॅटरी फुगलेली दिसली तर मशीन चार्जिंगवरून काढा, उघडू नका, दाबू नका. नवा सेल टाकूनही घड्याळ मागे पडत असेल तर दोष मदरबोर्डवर आहे, तिथे सेटिंग बदलून काही होत नाही. ऑफिसच्या संगणकावर वेळ हाताने बदलू नका: डोमेनवरच्या (ऑफिसच्या सामायिक नेटवर्कवरच्या) लॉगिनला साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो, त्यापुढे तुम्ही स्वतःच बाहेर राहाल. तिथे लक्षण आणि मोजलेला फरक लिहून सिस्टिम अ‍ॅडमिनला कळवा. आणि उड्डाण, जहाज किंवा कायदेशीर वेळेसाठी हे काउंटडाउन वापरणार असाल तर ते कितीही दुरुस्त झालेलं असो, अधिकृत पंचांगातली छापील वेळ घ्या.